पत्ता कोणी दिला? वाचनालयातील बिघाड आणि टीसीपीडम्प

डिचोली तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयात वाचकांसाठी पाच संगणक आहेत. त्यांपैकी तीन विंडोजवर चालतात आणि दोन लिनक्सवर. दहावी-बारावीची मुले निकाल आणि प्रवेशाचे अर्ज पाहण्यासाठी, वडीलधारी माणसे निवासी दाखल्यापासून वीज बिलापर्यंतच्या कामांसाठी आणि काही निवृत्त शिक्षक जुने अंक वाचण्यासाठी या संगणकांवर बसतात. गेल्या आषाढात या संगणकांचे इंटरनेट अधूनमधून बंद पडू लागले. पाचही संगणक एकदम बंद पडत नसत. कधी दोन, कधी तीन, कधी एकच, आणि आज जो बंद तो उद्या व्यवस्थित चालू असे. जोडणी देणाऱ्या कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला. त्याने एकदा केबलची टोके नव्याने बसवली आणि दुसऱ्यांदा राउटरच बदलला. तरीही तक्रार कायम राहिली. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, असा तो प्रकार होता. मात्र यात त्या माणसाला दोष देता येत नाही, कारण तारेवरून प्रत्यक्ष काय जात आहे हे आमच्यापैकी कोणीच पाहिलेले नव्हते.

ते पाहण्याचे साधन फुकट मिळते, लहान आहे आणि गेली पस्तीसहून अधिक वर्षे वापरात आहे. त्याचे नाव टीसीपीडम्प. ते कसे बसवावे, त्याच्या ओळी कशा वाचाव्यात आणि त्याने आमचे कोडे कसे सोडवले, हे मी येथे सविस्तर लिहीत आहे, कारण या विषयावर मराठीत सलग लिहिलेले मला सापडले नाही आणि वाचनालयातील दोन-तीन मुलांनी ते आवर्जून मागितले. आज्ञा मी उच्चारानुसार देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकण्याच्या खिडकीत, त्या रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत टंकाव्यात; ‘डॅश’ म्हणजे आडवी रेघ. जेथे मोठे अक्षर हवे तेथे मी तसे सांगितले आहे.

टीसीपीडम्प १९८८ साली अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या नेटवर्क संशोधन गटात तयार झाला. व्हॅन जेकबसन, सॅली फ्लॉइड, व्हर्न पॅक्सन आणि स्टीव्हन मॅकॅन ही त्यामागची माणसे. इंटरनेटवर गर्दी झाली की वाहतूक कोलमडते कशी, याचा अभ्यास त्याच काळात जेकबसन करीत होते, आणि त्या अभ्यासाला तारेवरचे पॅकेट, म्हणजे माहितीचे लहान गठ्ठे, जसेच्या तसे पाहणे आवश्यक होते. म्हणजे हे साधन जन्माला आले तेच बिघाड समजून घेण्यासाठी. पॅकेट पकडण्याचे मूळ काम करणारा भाग पुढे लिबपीकॅप या नावाने वेगळा करण्यात आला आणि आज पॅकेट खिडकीत मांडून दाखवणाऱ्या वायरशार्कसह अनेक कार्यक्रम त्याच लिबपीकॅपवर उभे आहेत.

बसवणे सोपे आहे. डेबियन किंवा उबुंटू असेल, तर प्रथम ‘सुडो एपीटी अपडेट’ आणि मग ‘सुडो एपीटी इन्स्टॉल टीसीपीडम्प’ या दोन आज्ञा पुरतात. लिबपीकॅप सोबत आपोआप येते. फेडोरावर एपीटीच्या जागी डीएनएफ लिहावे. मॅकवर तो आधीपासूनच असतो. विंडोजवर मात्र हा मार्ग सोडून, तेथे लिबपीकॅपचे काम करणाऱ्या एनपीकॅपसह वायरशार्क बसवणे मला अधिक सोयीचे वाटते. बसवून झाल्यावर ‘टीसीपीडम्प डॅश डॅश व्हर्जन’ असे लिहिले की त्याची आणि लिबपीकॅपची आवृत्ती दिसते.

आमच्यापुढे अडचण अशी होती, की ज्या संगणकावर तो बसवायचा त्याचेच इंटरनेट बंद होते. मी माझा फोन यूएसबी तारेने संगणकाला जोडून फोनचे इंटरनेट दिले आणि पॅकेज उतरवून घेतले. असे केल्यास एक गोष्ट कटाक्षाने पाळावी, ती म्हणजे काम झाल्याबरोबर फोन काढून ठेवावा. फोन जोडलेला राहिला तर संगणकाला बाहेर जाण्याचा दुसरा रस्ता मिळतो, वाहतूक त्या रस्त्याने जाऊ लागते आणि आपण मात्र रिकाम्या रस्त्यावर पहारा देत बसतो.

त्यानंतर कोणत्या इंटरफेसवर, म्हणजे संगणकाच्या कोणत्या नेटवर्क जोडणीवर, ऐकायचे ते ठरवावे लागते. ‘टीसीपीडम्प डॅश डी’ या आज्ञेने, ज्यात डी हे मोठे अक्षर आहे, उपलब्ध इंटरफेसांची यादी मिळते. तारेच्या जोडणीचे नाव बहुधा ई या अक्षराने आणि वायफायचे नाव डब्ल्यू या अक्षराने सुरू होते. यादीत ‘एनी’ असेही एक नाव असते. लिनक्सवर ते सर्व इंटरफेसांवर एकदम ऐकते. पॅकेट पकडण्यासाठी प्रशासकाचे अधिकार लागतात, म्हणून आज्ञेच्या आधी सुडो लावावे. न लावल्यास परवानगी नसल्याचा संदेश येतो. हे बंधन योग्यच आहे, कारण या साधनाने दुसऱ्याच्या संवादाचे तपशील दिसू शकतात.

पहिल्यांदा चालवताना बहुतेक जण ‘सुडो टीसीपीडम्प’ एवढेच लिहितात आणि पडद्यावर ओळींचा पूर येतो. चतुर्थीच्या आदल्या दिवशी म्हापशाच्या बाजारात उभे राहून एकाच माणसाचे बोलणे ऐकण्याचा प्रयत्न करावा, तशी अवस्था होते. कंट्रोल आणि सी या कळा एकत्र दाबल्या की तो थांबतो आणि तीन आकडे देतो: किती पॅकेट पकडले, किती फिल्टरपर्यंत पोहोचले आणि किती कर्नलला, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याला, सोडून द्यावे लागले. तिसरा आकडा शून्य नसेल, तर आपल्या नोंदीत भोके आहेत असे समजावे, आणि ‘अमुक पॅकेट आलाच नाही’ असा निष्कर्ष त्या नोंदीवरून काढू नये. हा आकडा न पाहता निष्कर्षावर उडी मारणारे मी अनेक पाहिले आहेत.

सुरुवातीपासून लावून घ्यावा असा एक पर्याय म्हणजे ‘डॅश एन’. तो न लावल्यास टीसीपीडम्प प्रत्येक अंकी पत्त्याचे नाव शोधण्यासाठी स्वतःच डीएनएसला, म्हणजे नावे आणि अंकी पत्ते यांची सांगड घालणाऱ्या सेवेला, प्रश्न पाठवतो. त्यामुळे ओळी अडखळत येतात आणि आपण जे पाहायला बसलो त्यात आपल्याच साधनाने पाठवलेले प्रश्न मिसळतात. डीएनएसच बिघडलेला असेल तेव्हा तर पडदा गोठल्यासारखा वाटतो. म्हणून माझी नेहमीची आज्ञा ‘सुडो टीसीपीडम्प डॅश एन डॅश आय’ आणि पुढे इंटरफेसचे नाव, अशी सुरू होते. थोडेच पॅकेट हवे असतील तर ‘डॅश सी’ आणि संख्या लिहावी. २० लिहिले तर वीस पॅकेट दाखवून तो आपोआप थांबतो.

आता एक ओळ वाचून पाहू. सुरुवातीला वेळ असते, सेकंदाच्या दशलक्षांश भागापर्यंत. नंतर आयपी हा शब्द, मग पाठवणाऱ्याचा पत्ता, बाणासारखे चिन्ह आणि घेणाऱ्याचा पत्ता. १९२.१६८.१.२३.५११६२ असा पाच भागांचा पत्ता पाहून नवखा माणूस गोंधळतो. त्यातले पहिले चार भाग हा आयपी पत्ता, म्हणजे यंत्राचा नेटवर्कावरील पत्ता, आणि पाचवा भाग हा पोर्ट, म्हणजे त्या यंत्रावरील विशिष्ट सेवेचा क्रमांक, असतो. घेणाऱ्याच्या बाजूला शेवटी ५३ असेल तर तो डीएनएसचा प्रश्न, ४४३ असेल तर बहुधा एखादे सुरक्षित संकेतस्थळ. टीसीपीच्या, म्हणजे पोच घेत घेत मजकूर पोहोचवण्याच्या पद्धतीच्या, ओळीत पुढे चौकटी कंसात खुणा येतात. नुसते एस म्हणजे ‘बोलायचे आहे’ अशी विनंती, एस आणि टिंब म्हणजे त्या विनंतीचा स्वीकार, आणि एकटे टिंब म्हणजे पोच. या तीन ओळी एकापाठोपाठ दिसल्या की दोन यंत्रांची ओळख झाली. पी हे अक्षर आले की प्रत्यक्ष मजकूर जातो आहे, एफ आले की संवाद नीट संपतो आहे आणि आर आले की समोरच्याने दार लावून घेतले आहे. ज्याला हे साधन शिकायचे आहे त्याने प्रथम स्वतःच्या घरच्या संगणकावर एखादे संकेतस्थळ उघडावे आणि या तीन ओळी स्वतःच्या डोळ्यांनी शोधाव्यात. विनंतीची ओळ पुन्हा पुन्हा दिसते आणि उत्तर येतच नाही, किंवा विनंतीला लगेच आर येतो, या दोन दृश्यांतला फरक एकदा कळला, की ‘नेट चालत नाही’ या एकाच वाक्यामागे किती वेगवेगळे आजार असू शकतात ते उमगते.

येथे एक इशारा देणे गरजेचे आहे. ‘डॅश व्ही’ लावून अधिक तपशील मागितला, की स्वतःच्या संगणकावरून जाणाऱ्या पॅकेटांपुढे चेकसम, म्हणजे चूक पकडण्यासाठी केलेली बेरीज, चुकीचा असल्याचा शेरा अनेकदा दिसतो. तो पाहून नेटवर्क कार्ड बिघडले असे समजू नये. आजची कार्डे ती बेरीज स्वतः करतात आणि टीसीपीडम्पला पॅकेटची प्रत मिळते ती त्याच्या आधीच. बाहेरून आलेल्या पॅकेटांवर तसा शेरा दिसला तरच काळजी करावी.

या साधनाची खरी ताकद त्याच्या फिल्टरमध्ये आहे. ‘होस्ट’ लिहून पत्ता दिला की त्याच यंत्राची वाहतूक दिसते, ‘पोर्ट ५३’ लिहिले की फक्त डीएनएस, ‘एआरपी’ लिहिले की अमुक पत्ता कोणाचा आहे हे विचारणारे स्थानिक पुकारे. त्यांना ‘अँड’, ‘ऑर’ आणि ‘नॉट’ यांनी जोडता येते. कंस वापरायचे असतील तर संपूर्ण फिल्टर अवतरणचिन्हांत ठेवावा, नाहीतर टर्मिनल त्या कंसांचा भलताच अर्थ लावते. हा फिल्टर पडद्यावरच्या ओळी मागाहून गाळत नाही. तो एका छोट्या कार्यक्रमात रूपांतरित होऊन कर्नलमध्ये जातो, आणि नको असलेले पॅकेट तेथेच बाजूला पडतात, त्यांची प्रत वर येतच नाही. मॅकॅन आणि जेकबसन यांनी १९९२ साली लिहिलेल्या आणि १९९३ च्या आरंभी सॅन दिएगो येथील युसेनिक्स परिषदेत मांडलेल्या निबंधात ही रचना वर्णिली आहे. बर्कली पॅकेट फिल्टर हे तिचे नाव. आज लिनक्स कर्नलमध्ये ईबीपीएफ म्हणून जे तंत्र गाजते आहे, त्याचे मूळ याच रचनेत आहे. फिल्टर लिहिताना आपल्याला नेमके काय विचारायचे आहे ते ठरवावेच लागते, आणि माझ्या मते अर्धे निदान त्या ठरवण्यातच होते.

आता वाचनालयाकडे परत येतो. मी तीनदा गेलो तेव्हा पाचही संगणक सुरळीत चालू होते. चौथ्या खेपेस, रात्रभर कोसळलेल्या पावसात कुठेतरी तारेवर झाड पडून वीज गेली होती आणि ती सकाळी नऊच्या सुमारास परत आल्यावर ग्रंथपाल ताईंनी मला लगेच फोन केला. मी पोहोचलो तेव्हा तीन संगणक बंद होते, म्हणजे चालू होते, पण त्यांवर एकही संकेतस्थळ उघडत नव्हते. त्यांतील एक लिनक्सवर चालणारा होता. त्याचा आयपी पत्ता पाहिला तेव्हा पहिला धागा हाती आला: तो १९२.१६८.०.१०३ होता. चालू असलेल्या संगणकांचे पत्ते मात्र १९२.१६८.१ ने सुरू होत होते, आणि कंपनीच्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ आहे. मग शून्याच्या आळीतला हा पत्ता या संगणकाला कोणी दिला?

पत्ते वाटण्याचे काम डीएचसीपी करते. १९९७ च्या आरएफसी २१३१ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजात त्याची पद्धत सांगितली आहे आणि ती चार पावलांची आहे. स्वतःचा पत्ता नसलेला संगणक ०.०.०.० या नावाने साऱ्या नेटवर्कला ओरडून विचारतो, की मला कोणी पत्ता देईल का. ज्याच्याकडे पत्ते आहेत तो देकार पाठवतो. संगणक त्या देकाराची रीतसर मागणी करतो आणि मग देणारा शिक्कामोर्तब करतो. मागणीचे तिसरे पाऊलही सर्वांना ऐकू जाईल असेच टाकले जाते, जेणेकरून ज्याचा देकार स्वीकारला नाही त्यालाही ते कळावे. देकार अनेक आले तर कोणता घ्यायचा हे संगणकावर सोपवलेले आहे, आणि व्यवहारात तो बहुधा आधी पोहोचलेलाच घेतो. देणारा पोर्ट ६७ वर ऐकतो आणि मागणारा ६८ वर. म्हणजे मला विचारायचा प्रश्न अगदी अरुंद होता, आणि आज्ञाही तशीच झाली: ‘सुडो टीसीपीडम्प डॅश एन डॅश ई डॅश व्ही डॅश आय’, इंटरफेसचे नाव, आणि पुढे ‘पोर्ट ६७ ऑर पोर्ट ६८’. यातील ‘डॅश ई’ मुळे प्रत्येक पॅकेट कोणत्या मॅक पत्त्यावरून, म्हणजे यंत्राच्या नेटवर्क कार्डाला कारखान्यात दिलेल्या पत्त्यावरून, निघाला ते दिसते, आणि येथे तेच सर्वांत महत्त्वाचे होते.

ही आज्ञा एका खिडकीत चालू ठेवून दुसऱ्या खिडकीत मी ‘सुडो डीएचक्लायंट डॅश आर’ लिहून संगणकाकडचा पत्ता सोडून दिला आणि पुन्हा डीएचक्लायंट चालवून नवा मागितला. पडद्यावर शोधाचा एक पॅकेट गेला. त्यामागोमाग एक देकार आला आणि त्यानंतर सुमारे अर्ध्या सेकंदाने दुसरा. दोन्ही देकारांचे मॅक पत्ते वेगळे होते. डीएचसीपीच्या तपशिलात ५३ क्रमांकाचा पर्याय पॅकेटचा प्रकार सांगतो, ५४ क्रमांकाचा देणाऱ्याचा पत्ता आणि ३ क्रमांकाचा बाहेर जाण्याचे दार. पहिल्या देकारात देणारा १९२.१६८.०.१ आणि दारही तेच. दुसऱ्यात दोन्ही ठिकाणी १९२.१६८.१.१. संगणकाने पहिला देकार उचलला आणि ज्या दाराच्या पलीकडे काहीच नाही अशा दाराशी जाऊन उभा राहिला.

“म्हणजे आपल्याकडे दोन राउटर आहेत?” ताईंनी विचारले.

“दोन तर आहेतच, ताई, आणि दोघेही पत्ते वाटत आहेत,” मी म्हणालो. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, तसे एका नेटवर्कात दोन स्वतंत्र डीएचसीपी नांदत नाहीत.

मॅक पत्त्याचे पहिले तीन भाग उत्पादकाला नेमून दिलेले असतात, त्यामुळे दुसरे यंत्र कंपनीने दिलेल्या राउटरच्या बनावटीचे नाही हे तेथेच स्पष्ट झाले. तो पत्ता कागदावर लिहून घेऊन आम्ही इमारतभर शोध घेतला. वरच्या मजल्यावर बालविभागाच्या कपाटावर, जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यांमागे, एक लहान वायफाय राउटर सापडला. त्याच्या तळाच्या पट्टीवर हुबेहूब तोच मॅक पत्ता छापलेला होता. एका हितचिंतकाने मुलांना वर वायफाय मिळावे म्हणून तो जून महिन्यात प्रेमाने आणून बसवला होता. केबल त्याने इंटरनेटच्या खाचेत न लावता घरगुती जोडणीच्या खाचेत लावली होती, आणि त्यामुळे वायफाय चालू लागले म्हणून कोणाला शंका आली नाही. पण त्या राउटरमधली पत्ते वाटण्याची सोय चालूच राहिली होती.

मग दर वेळी वेगवेगळे संगणक का बंद पडत, याचेही उत्तर मिळाले. वीज परत आली की वरचा लहान राउटर झटकन जागा होई, तर कंपनीच्या राउटरला फायबरची जोडणी प्रस्थापित करून तयार व्हायला अधिक वेळ लागे. जे संगणक त्या मधल्या वेळात सुरू होत, त्यांना वरच्याचाच पत्ता मिळे. जे उशिरा सुरू होत, त्यांच्या बाबतीत शर्यत होई आणि निकाल कसाही लागे. एकदा मिळालेला पत्ता संगणक मुदतीच्या निम्म्यावर त्याच देणाऱ्याकडून वाढवून घेतो, म्हणून चांगले संगणक दिवसभर चांगले राहत आणि बिघडलेले बिघडलेले. केबलची टोके बदलताना किंवा राउटर बदलताना माणसाने दोन-तीन संगणक बंद करून पुन्हा सुरू केले, की त्यांतील काही योगायोगाने सुधारत आणि दुरुस्ती झाल्याचा भास होई. साप साप म्हणून भुई धोपटणे दीड महिना चालले ते यामुळे.

उपाय पाच मिनिटांचा होता. त्या राउटरच्या मांडणीत जाऊन पत्ते वाटणे बंद केले, त्याला स्वतःला १९२.१६८.१.२ हा पत्ता दिला आणि तो पत्ता मुख्य राउटरच्या वाटपातून वगळला. मुलांचे वायफाय जसेच्या तसे राहिले.

या अनुभवात एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. एका संगणकावर टीसीपीडम्प चालवला म्हणजे साऱ्या नेटवर्कची वाहतूक दिसते, असा समज सर्रास आढळतो, आणि तो चुकीचा आहे. पूर्वी हब वापरले जात तेव्हा प्रत्येक पॅकेट प्रत्येक तारेवर जाई. आजचे स्विच ज्याचा पॅकेट त्यालाच देतात. त्यामुळे आपल्याला आपली स्वतःची वाहतूक आणि सर्वांना उद्देशून केलेले पुकारे एवढेच दिसते. मी त्रस्त संगणकावरच बसलो होतो म्हणून मला दोन्ही देकार दिसले. शेजारच्या चांगल्या संगणकावर बसलो असतो, तर शोधाचा पुकारा दिसला असता, पण त्याला आलेली उत्तरे दिसतीलच याची खात्री नव्हती. म्हणून साधन लावण्याची जागा आधी ठरवावी, आज्ञा नंतर.

तारेवर जास्तीचा पॅकेट दिसल्याने वाचनालयाचे निदान झाले. त्याच्या उलट, जो पॅकेट यायला हवा होता तो न आल्याने निदान झाल्याचा अनुभव मला पेडण्याला मावसभावाच्या घरी आला. त्याच्याकडे संकेतस्थळे उघडत, संदेश जात, पण अर्जासोबत दाखल्याची प्रत चढवायला घेतली की चक्र फिरतच राही. टीसीपीडम्पमध्ये ओळख करून देणाऱ्या तीन ओळी स्वच्छ दिसल्या, लहान पॅकेटांना पोच मिळत होती, पण पूर्ण आकाराचा एकच पॅकेट त्याच क्रमांकासह पुन्हा पुन्हा जात होता आणि दोन प्रयत्नांमधले अंतर दर वेळी दुप्पट होत होते. त्याची जोडणी पीपीपीओई पद्धतीची आहे. त्या पद्धतीत आठ बाइट वेष्टनात जातात, त्यामुळे १५०० ऐवजी १४९२ बाइटांचाच पॅकेट पलीकडे जातो. मोठा पॅकेट अडला, तर अडवणाऱ्या राउटरने ‘तुकडे करावे लागतील, १४९२ पर्यंतच पाठवा’ असा आयसीएमपी निरोप द्यायला हवा. फिल्टरमध्ये ‘आयसीएमपी’ लिहून मी दहा मिनिटे वाट पाहिली. तो निरोप एकदाही आला नाही, आणि सोडून दिलेल्या पॅकेटांचा आकडा शून्य होता. पिंग या चाचणीच्या आज्ञेने तुकडे न करण्याची अट घालून १४६४ बाइट पाठवले तर उत्तर आले, १४७२ पाठवले तर आले नाही. दोन्हींत वेष्टनाचे अठ्ठावीस बाइट मिळवले की १४९२ आणि १५०० हे आकडे मिळतात. राउटरमध्ये टीसीपीच्या तुकड्याची मर्यादा, १४९२ मधून वेष्टनाचे चाळीस बाइट वजा करून, १४५२ वर बांधून दिल्यावर दाखला एका दमात चढला.

पॅकेट फाइलमध्ये साठवायचे असतील तर ‘डॅश डब्ल्यू’ आणि फाइलचे नाव लिहावे. ती फाइल नंतर ‘डॅश आर’ ने वाचता येते, आणि वाचतानाही नवा फिल्टर लावता येतो. गुंतागुंतीचे प्रकरण असेल तर मी फाइल घरी नेऊन वायरशार्कमध्ये उघडतो. काही लिनक्सांवर फाइल लिहिताना परवानगी नाकारली जाते, सुडो लावूनही. याचे कारण असे, की टीसीपीडम्प इंटरफेस उघडल्यावर आणि फाइल उघडण्याआधी प्रशासकाचे अधिकार सोडून साध्या वापरकर्त्याची भूमिका घेतो, आणि त्या वापरकर्त्याला आपल्या फोल्डरमध्ये लिहिता येत नाही. टीएमपी या तात्पुरत्या फोल्डरमध्ये फाइल ठेवली की काम होते.

साठवण्याच्या बाबतीत मी फार काळजीपूर्वक वागतो. आज बहुतेक संकेतस्थळांचा मजकूर कूटबद्ध असतो, त्यामुळे परवलीचे शब्द दिसत नाहीत, हे खरे. पण साध्या डीएनएसमधील प्रश्न उघडे असतात आणि सुरक्षित जोडणीच्या सुरुवातीच्या पॅकेटांतही संकेतस्थळाचे नाव बहुधा वाचता येते. कोण वाचक कोणत्या आजाराची माहिती शोधतो किंवा कोणत्या नोकरीसाठी अर्ज करतो, हे वाचनालयाने पाहण्याची गोष्ट नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ प्रमाणे मालकाच्या किंवा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीवाचून नेटवर्कात शिरणे किंवा त्यातील माहितीची प्रत घेणे यासाठी भरपाई द्यावी लागते. मी वाचनालयाच्या अध्यक्षांची लेखी परवानगी घेतली, तिच्यात फक्त पोर्ट ६७ आणि ६८ पाहणार असे नमूद केले आणि तपासणी वाचक येण्याआधी उरकली. हॉटेलात, बसस्थानकावर किंवा शेजाऱ्याच्या वायफायवर हे साधन चालवून पाहण्याचा मोह कोणालाही होऊ नये, असे मला मनापासून वाटते.

दुरुस्तीनंतर एका लिनक्स संगणकावर मी पंधरा दिवस पहारा ठेवला. फिल्टर तोच, ‘पोर्ट ६७ ऑर पोर्ट ६८’. सोबत ‘डॅश सी १’ आणि ‘डॅश डब्ल्यू ५’, ज्यांत सी आणि डब्ल्यू ही अक्षरे मोठी आहेत, म्हणजे दहा लाख बाइटांच्या पाच फाइली भरल्या की सर्वांत जुनी पुसून तिच्यावर नवी लिहिली जाते आणि डिस्क कधी भरत नाही. हा कार्यक्रम संगणक सुरू होताना दर वेळी नव्या नावाच्या फाइलीसह आपोआप चालू होईल अशी व्यवस्था केली, कारण वीज गेल्यानंतरचेच क्षण मला हवे होते. त्या पंधरवड्यात श्रावणाच्या सरींत वीज चार वेळा गेली. फाइली उघडून वाचल्या तेव्हा दर वेळी पहिलीच फाइल पुरली होती, एवढी ही वाहतूक थोडी असते. चारही वेळा संगणकाने हाक मारलेली दिसत होती, पहिल्या दोन-तीन हाकांना कोणीच उत्तर दिलेले नव्हते, आणि राउटर जागा झाल्यावर एकच देकार आला होता, १९२.१६८.१.१ कडून. त्यानंतर मी पहारा उठवला आणि ताईंच्या समोरच त्या फाइली पुसून टाकल्या.